पार्किंगमधला शनिवारचा वर्ग: मोठ्या माणसांना शिकण्यासाठी कसं जमवायचं

मी नाशिकच्या सिडकोत ब्लाउज शिवते. दर शनिवारी साडेचारला मशीन बंद करते आणि समोरच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये दोन सतरंज्या अंथरते. पंधरा ते पंचवीस माणसं येतात. बहुतेक बायका, चार-पाच काका. तासभर काहीतरी शिकतो: फोनवरून पैसे कसे पाठवायचे, मृत्युपत्र कसं करायचं, कुणी कोसळलं तर काय करायचं. तुमच्या गल्लीत असं काही सुरू करावंसं वाटत असेल तर मला काय जमलं आणि कुठे अडलं ते सांगते.

आधी स्वतः श्रोता म्हणून चार ठिकाणी जाऊन बसा. नाशकात त्याला तोटा नाही. मे महिन्यात गोदाघाटावर, यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला असते. शंभरी ओलांडलेली आहे, तिकीट नाही, कुणीही जाऊन बसावं. १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, कुसुमाग्रज स्मारक आहे. तासभर एका जागी बसून ऐकायची सवय मला घाटावरच लागली. मात्र तिथेच एक गोष्ट दिसली. एवढ्या गर्दीत "मला एटीएम वापरता येत नाही" असं कुणी उठून म्हणणार नाही. ज्याला खरं अडलेलं असतं तो गप्प घरी जातो. गल्लीतला वर्ग त्याच्यासाठी भरवायचा. मोठ्या माणसाची बुद्धी शिकायला पुरते, लाज आडवी येते. मी पुढे जे सांगणार आहे ते सगळं या लाजेपायी ठरलेलं आहे.

जागा निवडताना म्हणूनच विचार करा. पहिले दोन महिने मी देवळाच्या सभामंडपात वर्ग घेतला. पंखे होते, पाणी होतं. पण गल्लीतली दोन घरं तिथे कधी आली नाहीत, आणि का ते मला उशिरा समजलं. त्यांना त्या पायऱ्या चढणं अवघड वाटत होतं. मग पार्किंगमध्ये आलो. पार्किंग उघडं असतं. एखादी बाई भाजीची पिशवी घेऊन कडेला उभी राहते, ऐकते, वाटलं तर निघून जाते. तीन शनिवार कडेला उभ्या राहिलेल्या बायका चौथ्या शनिवारी सतरंजीवर बसतात. बंद दाराच्या हॉलमध्ये हे होत नाही. सोसायटीच्या अध्यक्षांची परवानगी घ्या, गाड्या कोण हलवणार ते आदल्या दिवशी ठरवा.

वेळ तुमच्या गल्लीला विचारून ठरवा. अंबड-सातपूरच्या कारखान्यांतल्या पाळ्या आणि सुट्ट्या सगळ्यांच्या एक नसतात. द्राक्षकाढणीच्या दिवसांत निफाड-दिंडोरीकडे जाणाऱ्या बायका दिसायच्या बंद होतात. तेव्हा महत्त्वाचा विषय ठेवू नका.

बोलवायला दारोदार जा. ग्रुपवरचा निरोप सगळे बघतात आणि येणारे तेच चार येतात. मी शिवलेला ब्लाउज द्यायला जाते तेव्हा सांगते, "मावशी, शनिवारी पैसे पाठवायचं शिकणार आहोत, मला तुमची सोबत पाहिजे." "तुम्ही शिकायला या" असं कधी म्हणत नाही.

आता शिकवणारे. पैसे देऊन कुणाला आणावं लागत नाही, फक्त मागायला जावं लागतं. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं. त्यांना पत्र दिलं की कायद्याची माहिती सांगायला वकील मिळू शकतो, फी द्यावी लागत नाही. त्यांचा फोन १५१००. बाईला उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, हे आमच्याकडे एकीलाही माहीत नव्हतं. त्या दिवशी मृत्युपत्रावरही बोलणं झालं. ते साध्या कागदावर चालतं, नोंदणी सक्तीची नाही, पण दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. साक्षीदार शक्यतो असे घ्यावेत ज्यांना त्यातून काही मिळणार नाही. एक काका दुसऱ्याच दिवशी कागद घेऊन बसले.

फोनच्या वर्गाला गल्लीतलीच कॉलेजची मुलं घ्या, पण त्यांना एक नियम घालून द्या: दुसऱ्याच्या फोनला हात लावायचा नाही. मुलं चटकन फोन हातात घेतात, दोन सेकंदांत काम करतात आणि परत देतात. काम होतं, शिकणं राहून जातं. बोट ज्याचं त्याचंच फिरलं पाहिजे, मग दहा मिनिटं लागोत. आम्ही एकमेकींना एकेक रुपया पाठवतो. शेजारणीच्या फोनवर 'टिंग' झालं की जो आनंद होतो तो बघण्यासारखा असतो. त्या दिवशी दोनच गोष्टी पाठ करून घ्या: पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, आणि फसवणूक झालीच तर त्याच क्षणी १९३० ला फोन लावायचा.

छाती दाबून जीव वाचवण्याचा वर्ग डॉक्टरांकडूनच घ्या. मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची छाती साधारण पाच सेंटिमीटर खाली जाईल इतकं दाबायचं, आणि आधी कुणालातरी १०८ ला फोन करायला लावायचं. आम्ही कापसाच्या घट्ट लोडावर सराव केला. नुसतं तोंडी सांगितलेलं हातात उतरत नाही.

खर्च फारसा नाही. चहा, झेरॉक्स, कधी खडू. वर्ग फुकटच ठेवा. मी सुरुवातीला दहा-दहा रुपये गोळा केले, तेव्हा दोघी यायच्या थांबल्या. आता पायरीवर झाकणाला चीर पाडलेला पत्र्याचा डबा ठेवते. ज्याला टाकायचे तो टाकतो, कुणी किती टाकले हे कुणाला दिसत नाही. चहापुरते पैसे जमतात.

हजेरीचा कागद मात्र फिरवू नका. मी पहिल्याच दिवशी फिरवला होता. एक मावशी म्हणाल्या, "चष्मा घरी राहिला गं." पुढच्या वेळी कागद आला, पुन्हा चष्मा राहिला होता. तिसऱ्या वेळी माझ्या ध्यानात आलं आणि मला फार वाईट वाटलं, कारण माझ्या आईचंही असंच असायचं आणि मी ते विसरले होते. तेव्हापासून कागदावरचं सगळं मोठ्याने वाचते. सही कुणाकडेच मागत नाही, फळ्यावर अक्षराच्या शेजारी चित्र काढते.

आणि वर्ग संपला की आवरायची घाई करू नका. खरे प्रश्न सतरंजीच्या घड्या घालताना येतात. दोघींनी दोन टोकं धरलेली असतात, बाकीच्या निघून गेलेल्या असतात. चष्म्याच्या मावशींनी अशीच चार टोकं जुळवताना मला हळू आवाजात विचारलं, नाव लिहायला किती दिवस लागतात. मी जवळच्या शाळेतल्या बाईंना भेटले. पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी सरकारचा उल्लास कार्यक्रम आहे. शिकवणारे स्वयंसेवक असतात, शेवटी शाळेतच दीडशे गुणांची चाचणी होते: वाचन, लेखन आणि आकडेमोड, प्रत्येकी पन्नास. बाईंनी पुस्तिका दिली आणि मावशींचं नाव नोंदवलं.

आता मावशी शनिवारी चार वाजताच येतात, माझ्या शिवणाच्या खोलीत. मशीनवर कापड पसरलेलं असतं, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला माप द्यायला आल्यासारखं वाटतं. गेल्या महिन्यापासून आणखी दोघी माप द्यायला येऊ लागल्या आहेत.