एका भाषेची सवय दुसऱ्या भाषेत: ऑब्जेक्टविषयीच्या या चुका टाळा

गोव्यातील महाविद्यालयांत प्रोग्रॅमिंग शिकणारा विद्यार्थी जेव्हा जावातून सी++ किंवा जावास्क्रिप्टकडे वळतो, तेव्हा 'क्लास' (ऑब्जेक्ट, म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामे एकत्र ठेवणारा घटक, ज्यावरून बनतो तो साचा) हा शब्द सगळीकडे दिसत असल्यामुळे त्यामागची रचनाही एकच असावी, असा त्याचा समज होतो. पुढच्या बहुतेक अडचणी या समजातूनच येतात.

समजा, रायबंदर–चोडण फेरीबोट आणि कदंब बस यांच्यासाठी 'वाहन' हा सामाईक क्लास लिहिला आहे आणि प्रत्येकीचे भाडे वेगळ्या रीतीने काढायचे आहे. जावात मेथड (क्लासमध्ये लिहिलेले काम) कोणती चालवायची हे प्रत्यक्ष ऑब्जेक्ट पाहून ठरते. सी++मध्ये मात्र 'वाहन'च्या मेथडपुढे 'व्हर्च्युअल' लिहिले नाही, तर 'वाहन'च्या पॉइंटरमधून (ऑब्जेक्टचा पत्ता ठेवणाऱ्या चलातून) मेथडला हाक मारल्यावर 'वाहन'चेच भाडे निघते. प्रोग्राम बिनतक्रार कंपाइल होतो आणि उत्तर चुकते. 'वाहन'च्या व्हेक्टरमध्ये (सी++मधल्या यादीत) थेट बस साठवली, तर प्रत करताना बसचा स्वतःचा भाग गळून पडतो आणि मग व्हर्च्युअलचाही उपयोग उरत नाही. म्हणून तिथे स्मार्ट पॉइंटर (ऑब्जेक्टची मेमरी आपोआप मोकळी करणारे पॉइंटर) साठवावेत, बेस क्लासचा, म्हणजे इथे 'वाहन'चा, डिस्ट्रक्टर (ऑब्जेक्ट नष्ट होताना चालणारी मेथड) व्हर्च्युअल ठेवावा आणि सी++11पासून मिळालेला 'ओव्हरराइड' हा शब्द न चुकता लिहावा, म्हणजे मेथडच्या सहीतील (नाव आणि पॅरामीटर यांतील) तफावत कंपायलरच दाखवून देतो. 'व्हर्च्युअल' स्वतःहून लिहावे लागणे याला भाषेचा दोष म्हणणे मला अन्यायाचे वाटते. 1979मध्ये सी++च्या कामाला हात घालणाऱ्या ब्यार्ने स्ट्रॉउस्ट्रुप यांनी न वापरलेल्या सोयीची किंमत प्रोग्रामला मोजावी लागू नये हे तत्त्व धरले, आणि व्हर्च्युअल स्पष्टपणे लिहिण्याची रीत तर सिम्युला 67 या आधीच्या भाषेतही होती.

जावास्क्रिप्टची वाट मुळातच निराळी आहे. 1995च्या या भाषेने सेल्फ या भाषेकडून प्रोटोटाइपची, म्हणजे ज्याचे गुण इतर ऑब्जेक्ट वापरतात अशा नमुना ऑब्जेक्टची, कल्पना घेतली. 2015मध्ये आलेली क्लासची मांडणी तिच्यावरच उभी आहे. प्रवाशांची यादी प्रोटोटाइपवर ठेवली, तर सगळ्या फेरीबोटींची यादी एकच होते. पायथनमध्ये क्लासच्या अंगात रिकामी यादी लिहिल्यावर हेच घडते. दोन्हीकडे ती ऑब्जेक्ट तयार होतानाच बनवावी. शिवाय जावास्क्रिप्टमध्ये मेथड कॉलबॅक म्हणून (नंतर चालवण्यासाठी दुसऱ्या फंक्शनकडे) दिली की तिचा 'धिस' (ती ज्या ऑब्जेक्टसाठी चालते त्याचा निर्देश) सुटतो, कारण तो हाक कशी मारली यावरून ठरतो. 'धिस' पक्का बांधून देणारे 'बाइंड' किंवा भोवतीचाच 'धिस' वापरणारे अ‍ॅरो फंक्शन हा त्यावरचा उपाय आहे.

वारसा, म्हणजे एका क्लासने दुसऱ्याचे गुण घेणे, केवळ कोड वाचवण्यासाठी घेऊ नये. जावाच्या ग्रंथालयात (भाषेसोबत मिळणाऱ्या तयार कोडमध्ये) 'स्टॅक', म्हणजे फक्त वरच्या टोकाला घटक ठेवायची-काढायची रास, हा 'व्हेक्टर' या यादीचा वारस असल्याने स्टॅकच्या मधोमधही घटक घालता येतो. गो भाषेत तर वारसाच नाही. तिथे 'बस'मध्ये 'वाहन' एम्बेड केले (आत बसवले) आणि 'वाहन'च्या तिकीट काढणाऱ्या मेथडने भाडे विचारले, तर बसने स्वतःची भाड्याची मेथड दिलेली असूनही 'वाहन'चीच चालते. असे झाल्यास भाडे काढण्याचे काम इंटरफेसमध्ये (कोणत्या मेथड असाव्यात एवढेच सांगणाऱ्या करारात) मांडून तो इंटरफेस तिकिटाच्या फंक्शनला द्यावा.