जुन्या बुलेटच्या इंजिनातून ऑईल गळते? या चुका टाळा

बिडाचा सिलिंडर असलेली जुनी ३५० सीसी बुलेट थोडीफार गळणारच, असे तिचे मालक आणि अनेक मिस्त्रीही गृहीत धरतात. मला ते मान्य नाही. हे इंजिन नीट जोडले तर कोरडे राहू शकते. पण गळतीचे मूळ न शोधता पॅकिंगमागून पॅकिंग बदलत राहिल्यास ते कधीच कोरडे होत नाही.

पहिली चूक म्हणजे जिथे ऑईल दिसते तिथूनच ते गळते असे मानणे. रॉकरकडे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या, इंजिनाच्या माथ्यावरच्या दांड्यांकडे) ऑईल नेणाऱ्या बाहेरच्या नळीच्या बोल्टखालचा तांब्याचा वॉशर सैल असला, तर ऑईल सिलिंडरच्या पंखांवरून ओघळत खालच्या टॅपेटच्या (रॉकरपर्यंत हालचाल पोचवणाऱ्या भागांच्या) झाकणापाशी जमते, आणि बिचाऱ्या झाकणाचे पॅकिंग विनाकारण बदलले जाते. गाडी धावत असताना वारा हेच ऑईल आणखी मागे पसरवतो. म्हणून इंजिन रॉकेलने धुऊन पूर्ण कोरडे करावे, संशयित सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरावी, इंजिन उभ्या गाडीवर काही मिनिटे चालवावे आणि पावडर सर्वांत वर कोठे ओली झाली ते पाहावे. गळतीचा शोध नेहमी वरून खाली घ्यायचा असतो.

दुसरी चूक अधिक महागात पडते, आणि ती पाना हातात घेण्याआधीच घडते. बुलेटचे ऑईल क्रँककेसला (क्रँक ज्यात फिरतो त्या इंजिनाच्या खालच्या पेटीला) जोडूनच असलेल्या टाकीत राहते. एक पंप ते इंजिनाला पुरवतो आणि दुसरा, अधिक क्षमतेचा पंप खाली जमलेले ऑईल टाकीत परत आणतो. गाडी काही आठवडे उभी राहिली की टाकीतले ऑईल पुरवठ्याच्या पंपातून हळूहळू झिरपत क्रँकच्या तळाशी उतरते. अशा वेळी थंड इंजिनात डिपस्टिक घातली तर पातळी कमी दिसते, मालक काळजीपोटी अर्धा लिटर ऑईल ओततो आणि पुढच्या फेरीत ते सारे ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या, नळीतून बाहेर फेकले जाते. डिपस्टिक पाहायची ती इंजिन काही मिनिटे चालवून, तळातले ऑईल टाकीत परतल्यावरच.

ब्रीदरकडे होणारे दुर्लक्ष हे माझ्या मते बहुतेक हट्टी गळत्यांचे खरे कारण आहे. एकच पिस्टन असलेल्या या इंजिनात पिस्टन खाली येताना क्रँककेसमधली हवा दाबली जाते आणि तिला बाहेर पडायला वाट लागते. ब्रीदरची रबरी झडप उन्हातान्हाने कडक झाली, उलटी बसवली गेली किंवा नळी चिखलाने बुजली, की तो दाब प्रत्येक पॅकिंगवर येतो आणि सर्वांत दुबळ्या सांध्यातून ऑईल बाहेर ढकलतो. तो सांधा दुरुस्त करावा तर पुढचा गळू लागतो. नळी मोकळी असूनही ती जोराने धूर आणि ऑईल ओकत असेल, तर झिजलेल्या पिस्टन रिंगांचा संशय घ्यावा. तेथे पॅकिंगचा काहीही उपयोग नाही.

आवळण्याचा अतिरेकही तितकाच घातक ठरतो. टॅपेटचे झाकण आणि प्रायमरी चेन केसचे (इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या साखळीच्या पेटीचे) बाहेरचे झाकण प्रत्येकी एकाच मधल्या नटावर धरलेले असते. गळती दिसली की तो नट आणखी एक आटा फिरवला जातो, झाकण मधे दबते, कडा उचलल्या जातात आणि गळती वाढते. झाकण सपाट काचेवर ठेवून तपासावे. डुगडुगत असेल तर काचेवर घासकागद पसरून त्यावर हलक्या हाताने ते सपाट करावे. ड्रेन प्लगच्या बाबतीत तर ॲल्युमिनियममधले आटे एकदा गेले की खर्च वेगळाच वाढतो. चेन केसमध्ये भरल्यापेक्षा जास्त ऑईल निघत असेल, तर दोष झाकणाचा नसून क्रँकच्या सीलचा आहे, हेही ध्यानात ठेवावे.

सिलिकॉनचा जाड थर लावण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा, कारण बाहेर दिसतो तेवढाच लगदा आतही सांडतो आणि त्याचे तुकडे ऑईलच्या मार्गात अडकतात. मी उघडलेल्या एका इंजिनात असा तुकडा जाळीवर चिकटलेला होता. त्या मालकाची तक्रार फक्त गळतीची होती, पण थोडक्यात बिग एंड (कनेक्टिंग रॉडचे क्रँककडचे बेअरिंग) वाचले होते. जुने पॅकिंग पितळी किंवा लाकडी पट्टीने खरवडावे, स्क्रूड्रायव्हरने नव्हे. दोन्ही पृष्ठभाग पेट्रोलने पुसावेत आणि कागदी पॅकिंगवर अगदी पातळ थर पुरेसा आहे. टायमिंग कव्हर (इंजिनाच्या बाजूचे, टायमिंग गिअरवरचे झाकण) उघडलेच असेल, तर क्रँककडे ऑईल नेणारे लहान बुचाचे सील हमखास नवे घालावे, कारण ते गळाले तर बाहेर एक थेंबही दिसत नाही आणि बिग एंड मात्र उपाशी राहते.