सॅटेलाइटवरून ज्वारीचा उतारा कसा काढायचा

भाताच्या उताऱ्याचा, म्हणजे एकरी उत्पन्नाचा अंदाज सॅटेलाइटवरून काढणं आता पीक विम्यातपण आलंय, खरीप २०२३ पासून भात नि गव्हासाठी. पण आपल्या सोलापूरकडं भात कुठाय ओ, आपली मालदांडी ज्वारी. आणि आपलं काम उलट सोपंय, भाताच्या दिवसात आभाळ भरलेलं असतं म्हणून तिथं ढगातून बघणारं रडार लागतं, आपल्या रब्बीत आभाळ बहुतेक मोकळं, साधा फोटो चालतो.

कोपर्निकस ब्राउझर उघडा, ही सॅटेलाइटचे फोटो दाखवणारी युरोपची वेबसाइट, फुकट आहे, अकाउंट तेवढं काढा. सेंटिनेल-२ हा सॅटेलाइट निवडा, त्यात एनडीव्हीआय लेयर, म्हणजे पीक किती हिरवं ते सांगणारा आकडा. निरोगी पान लाल उजेड शोषून घेतं आणि इन्फ्रारेड परत फेकतं, त्यावरून हा आकडा निघतो, मोकळं काळं रान ०.२ च्या आत नि दाट पीक ०.६ च्या वर. याचा एक पिक्सेल १० बाय १० मीटर, म्हणजे जवळजवळ एक गुंठा, त्यामुळं आपल्याला लगेच उमगतं.

रानाभोवती रेघ मारताना बांधापासून १० मीटर आत मारा, नाहीतर बांधावरची बाभळ आणि शेजारचा ऊस पण तुमच्याच ज्वारीत मोजला जातो. तारीख महत्त्वाची. पोटरीपासून (कणीस अजून पानाच्या आत असतं तेव्हापासून) फुलोऱ्यापर्यंतचा सगळ्यात मोठा आकडा घ्या, सप्टेंबरअखेरचा पेरा असेल तर साधारण डिसेंबरचा पहिला पंधरवडा.

आता खरं काम, कारण नुसत्या एनडीव्हीआयवरून क्विंटल निघत नाही. आठ-दहा रानं निवडा, चांगली, मध्यम, हलकी सगळी, आणि काढणीला प्रत्येकात ५ बाय ५ मीटरचा चौकोन दोरी लावून कापा, मळा, उन्हात वाळवा, मगच वजन करा. किलोला १६२ नं गुणलं की एकरी किलो. ४ किलो निघाले तर ६४८, म्हणजे साडेसहा क्विंटलला थोडं कमी. एक्सेलमध्ये एनडीव्हीआय आणि उतारा समोरासमोर टाकून ट्रेंडलाइन, म्हणजे सगळ्या ठिपक्यांमधून जाणारी रेघ काढा, बाकीच्या रानांचा अंदाज त्यावरून.

मंगळवेढ्याला मामांच्या रानात एका कोपऱ्यात सारखा पिवळा डाग दिसायचा, मला वाटलं फोटोच खराब. जाऊन उकरलं तर वीतभर खाली मुरूम, कणसं अंगठ्याएवढी. म्हणून म्हणतो, डाग दिसला की पायानं तिथं जाच.

आणि एक, एनडीव्हीआयचा आकडा हिरवा पाला बघतो, दाणा नाही. कडबा डोक्याएवढा पण दाणे भरताना ओल तुटली किंवा चिकटा (पानं चिकट करणारा किडीचा रोग) पडला तर आकडा भारी नि उतारा निम्मा, असं होतं. त्यामुळं जानेवारीत परत एक फोटो बघा, रान लवकर पिवळं पडलं असेल तर अंदाज खाली आणा. बागायती आणि कोरडवाहू एका ट्रेंडलाइनवर घालू नका, आणि मागच्या वर्षीची ट्रेंडलाइन तशीच वापरू नका, निदान तीन-चार चौकोन तरी दरवर्षी नव्यानं कापा.