ऊर्जा आणि पर्यावरण विषयाचा प्रोजेक्ट रिपोर्ट: या चुका टाळा

या विषयाच्या रिपोर्टमध्ये सूत्रं क्वचितच चुकतात. चुकतो तो सूत्रात घातलेला आकडा. डेटाशीटवरचा आकडा ज्या अटींत मोजलेला असतो, त्या अटी बीड-परभणीच्या मे महिन्यात नसतात. म्हणून आकडा उचलण्याआधी तो कोणत्या अटींत मोजलाय ते बघा.

सोलर पॅनेलचंच घ्या. पाठीमागच्या लेबलवर 540 वॅट छापलेले असतात, ते सेलचं तापमान 25 अंश आणि ऊन चौरस मीटरला 1000 वॅट असतानाचे. बरेच विद्यार्थी हवेचं तापमान 42 अंश धरतात आणि 17 अंशांचीच घट काढतात. पण घट ठरते सेलच्या तापमानावर आणि सेल हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. डेटाशीटवर एनओसीटी, म्हणजे 20 अंश हवेत आणि 800 वॅट उन्हात सेलचं तापमान, दिलेलं असतं, समजा 45 अंश. त्यातून 20 वजा करा, 800 ने भागा, उन्हाच्या वॅटने गुणा आणि हवेच्या तापमानात मिळवा. ऊन 900 वॅट असेल तर 28 अंशांची भर पडते, म्हणजे सेल 70 अंशांवर जातो. 25 पेक्षा 45 अंश जास्त. दर अंशाला 0.35 टक्के धरले तर घट जवळपास 16 टक्के. ऊन 900 वॅटच असल्याने हातात येतात सुमारे 410 वॅट, 540 नाहीत.

छतावर मीटर लावल्यावर रीडिंग याहूनही कमी आलं तर लगेच इन्व्हर्टरला दोष देऊ नका, आधी काच बघा. फ्रेमच्या खालच्या कडेला मातीची पट्टी साचते. सेल सिरीजमध्ये जोडलेले असतात, त्यामुळे झाकलेली एक ओळ बाकीच्या सेलचाही करंट दाबून ठेवते. दुसरं कारण बोअरचं जड पाणी. भर दुपारी पॅनेल धुतलं की पाणी तापलेल्या काचेवरच वाळतं आणि क्षारांचा पांढरा थर उरतो. धुवायचं ते उजाडताच, आणि काच पुसून कोरडी करायची.

साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मितीवर प्रोजेक्ट असेल तर बगॅसचा, म्हणजे तिथे जाळल्या जाणाऱ्या उसाच्या चोथ्याचा, ओलावा विसरू नका. मिलमधून निघालेल्या बगॅसमध्ये निम्मं पाणी असतं आणि त्याचं उष्मांक मूल्य किलोला सुमारे 2250 किलोकॅलरी धरतात. कोरड्या बगॅसचा आकडा घातला तर वीज कागदावरच दुप्पट होते.

कार्बनच्या तक्त्यात कोळशाचं फक्त चिमणीतून निघणारं उत्सर्जन आणि सोलरचं मात्र पॅनेल बनवण्यापासूनचं, अशी सरमिसळ सर्रास दिसते. दोन्हीकडे पूर्ण जीवनचक्रच धरा. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या समितीच्या) 2014 च्या अहवालातले मध्यक आहेत युनिटला कोळसा 820 ग्रॅम, छतावरचं सोलर 41 ग्रॅम.

आणि कार्बनवर थांबू नका. पाण्याचा रकानाच नसणं ही मराठवाड्यातल्या रिपोर्टमधली सर्वांत मोठी चूक आहे, असं आम्ही ठामपणे म्हणू. 2015 च्या दुष्काळात परळीचं औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने कूलिंग टॉवर असलेल्या जुन्या केंद्रांना मेगावॅट-तासाला 3.5 घनमीटरची मर्यादा घातली. 250 मेगावॅटचा एक संच दिवसभर पूर्ण भाराने चालला तर 6,000 मेगावॅट-तास वीज होते. (इथे मेगावॅट आणि मेगावॅट-तास यांची गल्लत झाली की पुढचं सगळं गणित कोसळतं.) मर्यादेत राहूनही पाणी लागतं 21,000 घनमीटर, म्हणजे 10,000 लिटरचे 2,100 टँकर, तेही एका दिवसाला.

शेजारच्या रकान्यात 1 मेगावॅट सोलर मांडा. 540 वॅटची साधारण 1,850 पॅनेल, एका धुण्याला प्रत्येकी 2 लिटर धरले तर 3,700 लिटर. पंधरा दिवसांतून एकदा धुतलं आणि किलोवॅटमागे रोज 4 युनिट मिळाले, तर 60 मेगावॅट-तासांमागे एवढंच पाणी, म्हणजे मेगावॅट-तासाला जेमतेम 62 लिटर. पॅनेल बनवताना लागलेलं पाणी यात धरलेलं नाही, हे तक्त्याखाली स्पष्ट लिहा.

आकड्याशेजारी पाण्याचा स्रोतही लिहा: धरण, बोअर की टँकर. एप्रिलमध्ये बोअर आटला की पॅनेल धुवायलाही टँकरच मागवावा लागतो, आणि मग त्या टँकरचं डिझेल कार्बनच्या रकान्यात धरावं लागतं.