टेनिसपटू नदालचा पीक (सर्वोत्तम काळ) नेमका कुठला? दुखापती धरून कसं ठरवायचं

आधी एक करा, नुसती जिंकलेली ग्रँड स्लॅम (टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धा) मोजू नका, तो कुठल्या स्पर्धा खेळलाच नाही तेही शेजारी लिहा. २००९ घ्या, फ्रेंच ओपनला सोडरलिंगकडून हरला, मग गुडघ्यामुळे विम्बल्डन सोडलं, आता हे वर्ष 'घसरण' म्हणून धरायचं का? मी नाही धरणार, कारण २०१० ला त्याच माणसाने ओळीने तीन स्लॅम मारले.

पण लगेच 'फिट असता तर जिंकलाच असता' पण नको हां, फॅन लोकांचा हा आवडता धंदा आहे. न खेळलेली मॅच जिंकलेली धरायची नाही, हरलेलीही नाही, रिकामी सोडायची.

मग परत आल्यावर बघा. २०१२ ला विम्बल्डनला रोसोलकडून हरून जो गायब झाला तो थेट फेब्रुवारी २०१३ ला आला, आणि त्या वर्षी फ्रेंच आणि यूएस ओपन दोन्ही, पण मधे विम्बल्डनला पहिल्याच राउंडला डार्सिसकडून बाहेर. म्हणजे सरफेसप्रमाणे (कोर्ट मातीचं, गवताचं की हार्ड) वेगवेगळं बघायला लागतं, विम्बल्डनच्या ग्रासवर बॉल खाली राहतो, गुडघे जास्त वाकवावे लागतात.

शेवटी दुखापतीनंतर खेळ बदलला का ते पण बघा. दुसरा टेनिसपटू डेल पोत्रो, त्याचं डावं मनगट गेलं तर २०१६ ला बिचारा बॅकहँड स्लाइसवर (दोन हातांनी जोरात न मारता एका हाताने बॉल कापून परतवणं) दिवस काढत होता, तरी रिओ ऑलिंपिकमध्ये जोकोविचला हरवून सिल्व्हर. त्याच्या बाबतीत पीक वगैरे ठरवायच्या भानगडीत मी पडतच नाही.