पोरांना बघून चित्र काढायला कसं लावायचं

पुण्यातल्या कुठल्याही पोराला पर्वती काढ म्हणा, दोन त्रिकोणी डोंगर, मधे सूर्य आणि खाली नदी. पर्वतीच्या पायथ्याशी राहणारं पोर असलं तरी हेच, कारण ते बघून काढत नाही, पाठ झालेलं उतरवतं.

जपानमधे शंभर वर्षांपूर्वी हेच चालायचं, सरकारी चित्रवही समोर ठेवून जसंच्या तसं काढायचं. यामामोतो कानाए हा चित्रकार फ्रान्समधून रशियामार्गे १९१६ ला घरी आला, वाटेत मॉस्कोत मुलांची चित्रं बघून पार हललेला, मग १९१९ मधे नागानोतल्या एका गावच्या शाळेत त्याने पोरांच्या स्वतःच्या चित्रांचं प्रदर्शनच भरवलं. ह्या चित्रांना म्हणायचे जियुगा, म्हणजे मुक्तचित्र.

आता आपण काय करायचं, तर नमुन्याची वही आणि यूट्यूब बंद आणि पोराला घेऊन सरळ सिंहगड रोडच्या पु. ल. देशपांडे उद्यानात जायचं (तेही जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलंय, बरंच जमलं). पहिली दहा मिनिटं कागद द्यायचाच नाही. नुसतं विचारत राहायचं, झाड कुठे वाकलंय, सावली कुठे पडलीये, पाणी खरंच निळं आहे का? माझ्या भाचीने पाणी मस्त शेवाळी रंगवलं तर आमची आई लगेच "अगं पाणी निळं असतं!" शेवटी आईला चहा प्यायला पाठवलं. मोठ्यांना लांब ठेवणं हीच ह्यातली सगळ्यात अवघड स्टेप आहे.

कागद मोठा घ्या, ए-थ्री कार्ट्रिज (चित्रांचा जाड कागद), अप्पा बळवंत चौकात मिळतो. पेन्सिल-खोडरबर अजिबात नको, नाहीतर अर्धा तास खोडण्यातच जातो, डायरेक्ट ऑइल पेस्टल द्या. हे पेस्टल पण त्याच काळातलं, ओसाकाच्या साकुरा कंपनीने १९२५ मधे आणलं, सुरवातीला तर उन्हाळ्याचं कडक आणि थंडीचं मऊ असं वेगवेगळं विकायचे म्हणे. आपल्याकडे एप्रिलमधे डबा गाडीत विसरलात तर लोणी होतं, अनुभव आहे.

चित्राला हात लावू नका, "हे काय काढलंय?" पेक्षा "इथे काय चाललंय?" विचारा आणि पोर जे बोलेल ते तसंच मागच्या बाजूला तारीख-वयासकट लिहून टाका. एलिमेंटरी चित्रकला परीक्षेची तयारी असेल तर ती वेगळ्या दिवशी, तिथले नियम वेगळे. ठेवताना मधे बटर पेपर घाला आणि आडवं ठेवा, गुंडाळी केली की पेस्टल पुसलं जातं.