प्रोजेक्टचं सामान आणायला निघण्याआधी

गेल्या वर्षी आमचा प्रोजेक्ट उसाला आपोआप पाणी सोडायचा होता, कोल्हापुरात दरवर्षी कुणाचा ना कुणाचा असतोच तो, आणि सामानापेक्षा जास्त पैसे दुसऱ्यांदा आणलेल्या सामानात गेले. म्हणून यंदाच्या पोरांना सांगतोय, नेटवरची यादी मोबाईलमध्ये घेऊन लगेच दुकानाकडं पळू नका.

आधी वहीत सर्किट काढा आणि प्रत्येक वस्तूपुढं ती किती व्होल्टवर चालते ते लिहा. प्रोग्राम टाकायच्या छोट्या बोर्डांत आर्डुइनो उनो ५ व्होल्टचा, ईएसपी३२ च्या पिना ३.३ च्या. अंतर मोजायचा अल्ट्रासॉनिक सेन्सर ५ व्होल्टवर चालवला तर त्याची इको पिन ५ व्होल्टच बाहेर टाकते, ती सरळ ईएसपीला लावायची नाही, मध्ये १ के आणि २ के रेझिस्टर टाकायचे. चहापेक्षा स्वस्त वस्तू, पण यादीत नसली की रात्री अकराला आठवते आणि तेव्हा कुठलं दुकान उघडं असतंय. मातीतला दोन काट्यांचा ओलाव्याचा सेन्सर स्वस्त दिसतो पण ओल्या मातीत थोड्या दिवसांत गंजतो, थोडे जास्त घालून कपॅसिटिव्ह घ्या. आणि निळ्या रिलेवर (बोर्डाच्या इशाऱ्यानं चालू-बंद होणारा स्विच) १० अँपियर लिहिलंय म्हणून शेतातली थ्री फेज मोटर त्याच्यावर चालवायचा विचार पण करू नका, तिला स्टार्टरच लागतो, डेमोला १२ व्होल्टचा छोटा पंप बास झाला.

पॉवर सप्लायवर सगळ्यात जास्त डोकं घाला. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी मोटरला पुरत नाही, आणि मोटर चालवायचा एल२९८एन ड्रायव्हर स्वतःच दोनेक व्होल्ट खातो. १२ चे ५ करायला बक कन्व्हर्टर घेतला तर तो आधी एकटा मल्टिमीटरवर सेट करायचा. आम्ही नाही केला. त्याच्यावर निळी डबी असते, तिचा पितळी स्क्रू आठ-दहा वेळा फिरवला तरी कधी कधी आकडा हलत नाही, मग एकदम खाली यायला लागतो. आम्हाला वाटलं फॅक्टरीतनं ५ वर लावूनच आला असणार, जोडला, आणि बोर्डातनं धुराची एक बारीक रेघ निघाली, रिव्ह्यूच्या आदल्या दिवशी. तेव्हा यादीत मल्टिमीटर पहिला, साधा चालतोय, चार जणांत एक.

मग घर धुंडाळा. जुना ५ व्होल्टचा चार्जर, बंद पडलेल्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लायचा डबा (त्यात १२ आणि ५ दोन्ही मिळतात, फक्त उघडायचा नाही, आतले कपॅसिटर भरलेले असतात), बिघडलेल्या प्रिंटरमधली मोटर. फ्रेम, शाफ्ट, कपलिंग असलं काही ऑनलाईन मागवणं म्हणजे वर्कशॉपांचं उद्यमनगर दाराशी असून पैसे उधळणं. माप लिहिलेला कागद घेऊन जा, कुणीतरी लेथवाला हातातलं काम संपलं की करून देतो, पण तोंडी सांगितलं तर तोंडीच माप निघतंय.

खरेदी मात्र एकदम करा. रेझिस्टर, वायर, सोल्डर गावातच घ्यायचं. मॉड्यूल ऑनलाईन, पण दोन-तीन ग्रुपची मिळून एकच ऑर्डर, नाहीतर शंभराच्या सेन्सरला तेवढाच कुरिअरचा खर्च. पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड स्वस्त हे खरंय, पण नुसत्या तेवढ्यासाठी जाऊ नका, कुणी त्या बाजूला निघालंच असेल तर चिठ्ठी द्या, आणि चिठ्ठीत पूर्ण नंबर लिहा, नुसतं 'मोटर ड्रायव्हर' लिहिलं तर काय येईल देवाला माहीत.

जंपर वायर मेल-मेल आणि मेल-फिमेल दोन्ही घ्या. रुंद ईएसपी बोर्ड घेतला तर ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता वायरी खोचायची भोकांची पाटी) एकाच बाजूची भोकं उरतात, मग दोन ब्रेडबोर्ड लागतात. बोर्ड कॉम्प्युटरला जोडायची केबल डेटाची आहे का विचारा, चार्जिंगचीच निघाली तर पोर्ट दिसत नाही म्हणून दोन तास ड्रायव्हर टाकत बसाल. स्वस्त क्लोन बोर्डला सीएच३४० या यूएसबी चिपचा ड्रायव्हर (कॉम्प्युटरवर टाकायचं सॉफ्टवेअर) लागतो, तो आदल्या दिवशीच डाऊनलोड करून ठेवा. सेन्सर आणि ट्रान्झिस्टर एकेक जादा.

बिल ग्रुपच्या नावानं मागून घ्या, आणि सामान आणलं त्याच रात्री बोर्डावर एलईडी लुकलुकवून बघा, परत करायची मुदत संपल्यावर पाकीट फोडून काय उपयोग.